शरणागत आणि शासन

शिबी राजाची कथा आपण लहानपणी ऐकतो ती दयेची कथा म्हणून. ससाण्याच्या भयाने व्याकुळ झालेले कबुतर राजाच्या मांडीवर येऊन पडते. राजा त्याला अभय देतो. ससाणा आपल्या भक्ष्यावर हक्क सांगतो. आणि राजा कबुतराच्या भारंभार स्वतःच्या देहाचे मांस कापून तराजूत घालतो. या त्यागाने आपण इतके दिपून जातो की कथेतील दोन गोष्टींकडे सहसा आपले लक्ष जात नाही. पहिली ही की, या कथेतला ससाणा दुष्ट नाही. तो भुकेला आहे, त्याच्या मागे बायकापोरे आहेत, आणि त्याचे म्हणणे राजालाही खोडून काढता येत नाही. दुसरी ही की, राजाने जे मांस दिले ते स्वतःचे दिले. प्रधानाचे किंवा नगरातल्या एखाद्या मोलकऱ्याचे मांस कापून त्याने कबुतराला जीवदान दिले असते, तर त्या कृत्याला आपण दुसरेच काही नाव दिले असते.

आधुनिक शासनाच्या दाराशी शरणागत येतो तेव्हा नेमकी हीच अडचण उभी राहते. शासनाला स्वतःचा देह नसतो. ते जे देते ते कोणाच्या तरी ताटातले असते; कोणाच्या तरी करातून, कोणाच्या तरी वस्तीतून, कोणाच्या तरी मुलाच्या शाळेतल्या बाकावरून ते येते. म्हणून 'राजाने उदार व्हावे' एवढ्या उपदेशाने या प्रश्नाचा निकाल लागत नाही. ससाण्याचेही ऐकावे लागते. मग शरणागताचे शासनावर नेमके काय देणे लागते, आणि शासनाला कोठवर कठोर होता येते? या प्रश्नाचा विचार हवेत करण्यापेक्षा, ज्या देशाने तो गेली चाळीस वर्षे आपल्या राजकारणाच्या मध्यभागी ठेवला आहे त्याच्या अनुभवाच्या आधारे करणे अधिक बरे. तो देश म्हणजे डेन्मार्क.

डेन्मार्कची लोकसंख्या सुमारे साठ लाख, म्हणजे मुंबई शहराच्या निम्म्याहूनही कमी. हा देश आपल्याला अगदीच परका नाही. तंजावरच्या रघुनाथ नायकाने १६२० मध्ये दिलेल्या परवानगीने डेन लोकांनी तरंगंबाडीला ठाणे घातले. पुढे तंजावरला भोसल्यांचे राज्य आले तेव्हा त्या मराठा दरबाराशीही त्यांचे व्यवहार चालू राहिले. आणि १८४५ मध्ये ते ठाणे इंग्रजांना विकून ते निघून गेले. परक्या भूमीवर दुसऱ्याच्या अनुमतीने राहणे म्हणजे काय, याचा सव्वादोनशे वर्षांचा अनुभव या राष्ट्राच्या गाठी आहे. तो अनुभव तोफा बाळगून घेतलेला होता, एवढा फरक मात्र मान्य केला पाहिजे.

शरणागतांच्या बाबतीत या देशाचा इतिहास एकरंगी नाही. ऑक्टोबर १९४३ मध्ये जर्मन सत्तेने डेन्मार्कमधील ज्यूंना पकडून नेण्याचा घाट घातला तेव्हा सामान्य नागरिकांनी त्यांना घरांत, इस्पितळांत आणि चर्चांत लपविले व मासेमारीच्या होड्यांतून स्वीडनच्या किनाऱ्यावर पोहोचविले. सात हजारांहून अधिक माणसे त्यामुळे वाचली. पुढे दीड वर्षही लोटले नाही तोच, १९४५ च्या आरंभीच्या महिन्यांत, रशियन फौजांपुढून पळालेले सुमारे अडीच लाख जर्मन निर्वासित याच देशात येऊन पडले. त्यांत बहुतेक बायका, मुले आणि वृद्ध होते. युद्ध संपल्यावर त्यांना काटेरी तारांच्या आत छावण्यांतून ठेवण्यात आले, नागरिकांना त्यांच्याशी संबंध ठेवण्यास मनाई झाली, आणि त्या एका वर्षात हजारो लहान मुले रोगराईने व कुपोषणाने दगावली. शेवटचे निर्वासित परत गेले ते १९४९ मध्ये. ओक्सबोल येथील सर्वांत मोठ्या छावणीच्या जागी २०२२ मध्ये निर्वासितांविषयीचे एक संग्रहालय उघडण्यात आले, हे त्या देशाच्या प्रामाणिकपणाचे लक्षण समजावे लागेल.

१९४३ चे आणि १९४५ चे डेन्मार्क हे एकच डेन्मार्क होते. माणसे तीच, धर्म तोच, थंडी तीच. पहिल्या प्रसंगी दाराशी आलेला माणूस शेजारी म्हणून ओळखला गेला. दुसऱ्या प्रसंगी तो शत्रुराष्ट्राचा एक अंश म्हणून मोजला गेला. पाच वर्षांवर जे राष्ट्र जर्मन टाचेखाली भरडले गेले त्याच्या मनात जर्मनांविषयी कटुता असावी यात नवल नाही. परंतु त्या कटुतेची किंमत ज्या तान्ह्या मुलांनी दिली त्यांनी डेन्मार्कवर स्वारी केलेली नव्हती. माणसाकडे पाहण्याच्या या दोन रीतींतला भेद वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढील सर्व विवेचन त्याच्याभोवती फिरणार आहे.

निर्वासितांच्या स्थितीविषयीचा १९५१ चा आंतरराष्ट्रीय करार डिसेंबर १९५२ मध्ये सर्वांत आधी अनुसमर्थित केला तो डेन्मार्कने. १९८३ मध्ये तेथे झालेला परकीयांविषयीचा कायदा युरोपातील अत्यंत उदार कायद्यांपैकी एक गणला जाई. त्यानंतर वारा फिरला. २००२ मध्ये परदेशी जोडीदाराला देशात आणण्यासाठी दोघांचेही वय किमान चोवीस वर्षे असले पाहिजे असा नियम झाला. २०१५ च्या सप्टेंबरात सीरियातून आलेली कुटुंबे डेन्मार्कच्या महामार्गांवरून पायी उत्तरेकडे निघालेली जगाने पाहिली; त्या वर्षी एकवीस हजारांवर माणसांनी तेथे आश्रय मागितला. जानेवारी २०१६ मध्ये संसदेने असा कायदा केला की, निर्वासिताजवळ दहा हजार क्रोनरहून अधिक किमतीची रोकड किंवा चीजवस्त असेल तर त्याच्या निर्वाहखर्चापोटी ती जप्त करता यावी. लग्नाची अंगठी आणि तत्सम भावनिक मोलाच्या वस्तू तेवढ्या वगळाव्या. त्याच कायद्याने, तात्पुरते संरक्षण मिळालेल्या निर्वासिताला आपली बायकामुले आणण्यासाठी तीन वर्षे थांबणे भाग पडले. २०१९ च्या आरंभी संसदेने ज्याला भूमिकापालट म्हटले जाते तो कायदा केला: यापुढे निर्वासिताला दिलेला आश्रय त्याला समाजात सामावून घेण्यासाठी नाही, तर परत पाठविता येईपर्यंतच्या मुक्कामासाठी आहे, असे धोरण ठरले. पूर्वी सामाजिक समावेशासाठी म्हणून दिल्या जाणाऱ्या भत्त्याचे नावसुद्धा बदलून त्यात 'परती'चा उल्लेख आला. २०१९ च्या जूनमध्ये पंतप्रधान झालेल्या मेटे फ्रेडरिक्सन या समाजवादी लोकशाही पक्षाच्या. परंतु त्यांनीही हे धोरण चालू ठेवले, किंबहुना आपल्या देशात आश्रय मागणारा एकही माणूस येऊ नये हे उद्दिष्ट त्यांनी २०२१ मध्ये जाहीरपणे मांडले. त्याच वर्षी ३ जून रोजी, आश्रयार्थींना युरोपाबाहेरच्या एखाद्या देशात पाठवून त्यांच्या अर्जांचा विचार तेथेच करण्यास अनुमती देणारा कायदा ७० विरुद्ध २४ मतांनी संमत झाला. रवांडाशी त्या दृष्टीने बोलणी झाली. २०२३ मध्ये ती बाजूला ठेवण्यात आली.

एवढे वाचून डेन लोक निष्ठुर झाले असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही. ससाण्याचे म्हणणे येथे ऐकले पाहिजे. डेन्मार्कमध्ये औषधोपचार, शिक्षण आणि वार्धक्यातला आधार जवळजवळ सर्वांना सारखा मिळतो, आणि त्यासाठी नागरिक जगातल्या अत्यंत जड करांपैकी एक कर मुकाट्याने भरतो. तो मुकाट्याने भरतो याचे कारण, आपण भरतो तसे शेजारीही भरतो असा त्याचा विश्वास आहे. हा विश्वास डळमळला तर ती सारी इमारत डळमळेल, असे तेथील समाजवाद्यांचे म्हणणे आहे. शिवाय, नवागत येऊन राहतात ते श्रीमंतांच्या वस्तीत नव्हे. स्पर्धा होते ती कमी वेतनाच्या कामांत, गर्दी होते ती कामगारांच्या मुलांच्या शाळांत. उदारतेचे श्रेय एकाने घ्यावे आणि तिची किंमत दुसऱ्याने मोजावी, हा कोणता न्याय? तिसरे असे की, भूमध्य समुद्र ओलांडून युरोपात पोहोचतो तो बहुधा धडधाकट आणि दलालाला पैसे देऊ शकणारा. खरा दुबळा असतो तो मागे छावणीत राहतो. म्हणून मदत तिकडे पोहोचवावी, असे ते म्हणतात. आणि राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के रक्कम परदेशी साहाय्यासाठी देण्याचे संयुक्त राष्ट्रांचे लक्ष्य गाठणाऱ्या मोजक्या देशांत डेन्मार्क अनेक दशके मोडत आला आहे, हेही नमूद केले पाहिजे. धोरणाचे समर्थक त्याची फळेही दाखवितात. २०२४ मध्ये आश्रयाचे अर्ज सुमारे तेवीसशेवर आले. परकीयद्वेषावर पोसलेल्या पक्षाची मते २०१५ मध्ये २१ टक्के होती, ती २०१९ मध्ये ९ टक्क्यांच्या खाली गेली. आता इतर देश या मार्गाचे अनुकरण करू लागले आहेत. मे २०२५ मध्ये डेन्मार्क आणि इटली यांच्या पुढाकाराने नऊ देशांनी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या निर्णयांविषयी नाराजी व्यक्त करणारे खुले पत्र काढले. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ब्रिटनच्या मजूर सरकारने डेन्मार्कचा कित्ता समोर ठेवून निर्वासितांचा दर्जा तात्पुरता करण्याची योजना जाहीर केली.

यांतले बरेचसे म्हणणे मला सयुक्तिक वाटते. कोणत्याही समाजाला आपल्या घरात किती माणसे सामावतील याचा विचार करण्याचा अधिकार आहे. कांटने १७९५ मध्ये चिरशांतीविषयी लिहिताना परक्याचे आतिथ्य ही दयेची बाब नसून हक्काची बाब आहे असे मांडले खरे; पण तो हक्क शत्रूसारखी वागणूक न मिळण्यापुरता त्याने मर्यादित ठेवला. परक्याला परत पाठविता येईल, मात्र त्यामुळे त्याचा नाश होत असता कामा नये, अशी त्याची अट आहे. तेव्हा कठोर सीमा आणि नीती यांत स्वभावतः विरोध आहे असे नाही. विरोध उत्पन्न होतो तो निराळ्या जागी, आणि ती जागा डेन्मार्कच्या इतिहासाने विलक्षण स्पष्टपणे दाखवून दिली आहे.

प्रथम त्या चीजवस्तूंच्या कायद्याचे पाहू. प्रत्यक्षात तो अगदी क्वचित वापरला गेला. सरकारी तिजोरीत त्याने नाव घेण्याजोगी भर पडली नाही, आणि पडावी अशी अपेक्षाही नसावी. मग तो केला कशासाठी? २०१५ च्या सप्टेंबरात डॅनिश सरकारने लेबनॉनच्या वर्तमानपत्रांत अरबी भाषेत जाहिराती दिल्या होत्या. आमच्या देशात येणे आता किती अवघड झाले आहे हे त्यांत सांगितले होते. तो कायदाही अशीच एक जाहिरात होती. तो लिहिला गेला डेन्मार्कच्या राजपत्रात, पण त्याचा वाचक बैरूतमध्ये किंवा इस्तंबूलमध्ये बसलेला होता. केर्सहोवेडगोर येथील जुन्या तुरुंगाच्या जागी २०१६ पासून चाललेले परतपाठवणी केंद्रही याच जातीचे. ज्यांचा अर्ज नामंजूर झाला पण ज्यांना सक्तीने परत पाठविता येत नाही, त्यांनी तेथे राहावयाचे, ठरल्याप्रमाणे हजेरी लावावयाची, स्वतःचे जेवण स्वतः रांधावयाचे नाही. या निर्बंधांना तेथील सरकारी भाषेत 'प्रेरणा वाढविणारे उपाय' असे म्हणतात. शब्द कोमल आहे. अर्थ असा की, माणसाला राहणे नकोसे झाले म्हणजे तो आपणहून जाईल.

जाहिरात देण्यात पाप नाही. परंतु ज्या क्षणी जाहिरातीचा कागद म्हणून एका जिवंत माणसाचा उपयोग होतो, त्या क्षणी काहीतरी बिघडते. दाराशी आलेल्या अ-ला त्रास द्यावयाचा, तो अ-ने काही केले म्हणून नव्हे, तर अजून घरून न निघालेल्या ब-ने निघू नये म्हणून. अ येथे निमित्तमात्र झाला. त्याचा अर्ज खरा की खोटा, त्याला भय आहे की नाही, हा विचारच उरला नाही. खेड्याच्या वेशीवर बुजगावणे उभे करतात तसे त्याला उभे केले गेले. बुजगावणे गवताचे असते म्हणून त्याच्याविषयी कोणाला वाईट वाटत नाही.

आता दुसऱ्या गोष्टीकडे वळू. ती अधिक खोल आहे, आणि मला वाटते, ज्यांचा दिवस दुसऱ्याच्या अर्जावर शेरा लिहिण्यात जातो अशा वाचकांना ती अधिक जवळची वाटेल.

डेन्मार्कमध्ये मंत्र्यांवर अधिकारपदाच्या गैरवापराबद्दल खटला चालविण्यासाठी एक खास महाभियोग न्यायालय आहे. १९१० नंतरच्या शंभराहून अधिक वर्षांत ते दोनदाच भरले. दोन्ही वेळा आरोपी होता तो परकीयांचे खाते सांभाळणारा मंत्री. दोन्ही वेळा प्रश्न होता निर्वासितांच्या कुटुंबांचा. आणि दोन्ही वेळा शिक्षा झाली.

पहिले प्रकरण तमिळांचे. श्रीलंकेतील यादवीमुळे परागंदा झालेले अनेक तमिळ १९८० नंतरच्या दशकात डेन्मार्कला पोहोचले. १९८३ च्या कायद्याप्रमाणे, आश्रय मिळालेल्या निर्वासिताला आपली बायकामुले बोलावून घेण्याचा हक्क होता. १९८७ मध्ये न्यायमंत्री एरिक निन-हान्सन यांनी कायद्यात बदल केला नाही. संसदेला विचारले नाही. अर्ज नामंजूरही केले नाहीत. त्यांनी एवढेच केले की, तमिळांचे अर्ज बाजूला ठेवावयास लावले. फायली हलल्याच नाहीत. नामंजुरीविरुद्ध दाद मागता येते. न लिहिलेल्या शेऱ्याविरुद्ध दाद कोठे मागावयाची? तिकडे जाफन्यात बायकामुले थांबून राहिली, इकडे नवरे थांबून राहिले. पुढे संसदेच्या लोकपालाने लक्ष घातले. पंतप्रधान पौल श्लुटर यांनी १९८९ मध्ये काही दडविलेले नसल्याची ग्वाही संसदेत दिली. परंतु चौकशीचा अहवाल जानेवारी १९९३ मध्ये बाहेर पडला तेव्हा त्यांना राजीनामा द्यावा लागला, आणि दहा वर्षांचे ते सरकार कोसळले. १९९५ मध्ये निन-हान्सन यांना चार महिन्यांच्या सशर्त स्थगित कारावासाची शिक्षा झाली. हलविल्या न गेलेल्या फायलींमुळे एक सरकार पडले, असे उदाहरण इतिहासात फार नसेल.

दुसरे प्रकरण अलीकडचे. १० फेब्रुवारी २०१६ रोजी परकीय व समावेशन खात्याच्या मंत्री इंगर स्टोयबर्ग यांच्या मंत्रालयाने एक प्रसिद्धिपत्रक काढले. आश्रयार्थी जोडप्यांपैकी एक जण अठरा वर्षांखालील असेल तर त्या दोघांना यापुढे एकत्र ठेवले जाणार नाही, अपवाद नाही. हे पत्रकच संबंधित विभागाला आदेश म्हणून धाडण्यात आले. यामागील हेतू सर्वस्वी वाईट होता असे म्हणवत नाही. बालविवाहाचे दुःख आपल्या देशाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे. पंधरा वर्षांच्या मुलीला वयाने मोठ्या नवऱ्यापासून संरक्षण हवे असू शकते, हे आपल्याला कोणी समजावून सांगावयास नको. परंतु 'असू शकते' आणि 'असतेच' यांत अंतर आहे. काही मुली गरोदर होत्या, काहींच्या कडेवर मूल होते. एखादीला नवऱ्याच्या जाचातून सुटका हवी असेल. दुसरीला परमुलुखात तोच एक आधार असेल. कोणती कोणती हे कळण्याचा एकच मार्ग होता: तिला विचारणे. अपवादाला जागा ठेवावी लागेल, असे मंत्रालयातल्या अधिकाऱ्यांनी सांगितलेही होते. तेवीस जोडपी विभक्त झाली. त्यांपैकी एकाने तक्रार केली, लोकपालाने ताशेरे ओढले, आयोग बसला, आणि १३ डिसेंबर २०२१ रोजी महाभियोग न्यायालयाच्या सव्वीसपैकी पंचवीस न्यायाधीशांनी मंत्र्यांना दोषी ठरविले. शिक्षा साठ दिवसांचा कारावास. पुढच्याच वर्षीच्या निवडणुकीत त्यांचा नवा पक्ष आठ टक्के मते मिळवून संसदेत आला, हेही सांगितले पाहिजे. लोकांच्या पसंतीने न्याय ठरत नाही, आणि न्यायाच्या निर्णयाने लोकांची पसंती बदलत नाही.

ही दोन प्रकरणे शेजारी ठेवून पाहावी. एकीकडे निर्णय घेण्याचेच टाळले. दुसरीकडे न वाचताच निर्णय घेतला. वरवर पाहता हे परस्परविरुद्ध अपराध आहेत. वस्तुतः अपराध एकच आहे: समोरच्या माणसाच्या प्रकरणाचा त्या माणसापुरता विचार करण्याचे नाकारणे. तिसरी साक्ष स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाची. बायकामुलांसाठी तीन वर्षे थांबावयास लावण्याचा नियम एका सीरियन निर्वासिताने तेथे नेला. जुलै २०२१ च्या निकालात न्यायालयाने थांबावयास लावणे हेच मुळी चूक आहे असे म्हटले नाही. प्रत्येक कुटुंबाच्या परिस्थितीचा स्वतंत्र विचार करण्यास जागाच न ठेवता एवढा दीर्घ काळ सरसकट थांबविणे चूक आहे, असे म्हटले. देशाला कठोर होण्याची मुभा आहे. आंधळे होण्याची नाही, असा या तिन्ही निर्णयांचा इत्यर्थ मी समजतो.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. समूहाचा विचार करणे जर वाईट, तर मार्च २०२२ मध्ये डेन्मार्कने युक्रेनी निर्वासितांसाठी खास कायदा केला आणि वैयक्तिक भयाची छाननी न करता त्यांना राहण्याची परवानगी दिली, ते वाईट काय? आणि जानेवारी २०२३ पासून अफगाण स्त्रियांना केवळ स्त्री म्हणून आश्रय देण्याचे ठरले, त्याचे काय? माझ्या मते येथे एक असमानता आहे आणि ती योग्यच आहे. समूहाच्या नावाने दार उघडता येते. समूहाच्या नावाने ते लावून घेता येत नाही. ज्याला मिळावयाचेच आहे त्याची उलटतपासणी केली नाही तर त्याचे काही बिघडत नाही. ज्याच्याकडून काही काढून घ्यावयाचे आहे त्याचे म्हणणे ऐकलेच पाहिजे. आपल्या प्रशासनात ज्याला नैसर्गिक न्याय म्हणतात त्याचे मर्म हेच. आपल्या संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदाने दिलेले जीविताचे संरक्षण 'नागरिका'ला नसून 'व्यक्ती'ला आहे. १९५१ च्या करारावर भारताची सही नसूनही, अरुणाचलातील चकमांच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये तेच अधोरेखित केले.

युक्रेनच्या उदाहरणाने मात्र एक अप्रिय गोष्ट उघडी पडते. तीच चीजवस्तूंची जप्ती युक्रेनी माणसाला लागू होणार नाही असे ठरले. आणि जवळजवळ त्याच काळात, दमास्कसचा परिसर आता सुरक्षित आहे असे ठरवून तेथील निर्वासितांचे परवाने काढून घेणे चालू होते. असदच्या राजवटीशी राजनैतिक संबंध नसल्यामुळे त्यांना प्रत्यक्ष परत पाठविता येत नव्हते. शाळेत डॅनिश शिकलेल्या, परीक्षेला बसलेल्या मुलींच्या हातीही अशा नोटिसा पडल्या. यांतल्या पुष्कळ निर्णयांचा अपील मंडळापुढे एकेकाचे प्रकरण स्वतंत्रपणे तपासल्यावर फेर झाला, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. पण जाताही येत नाही आणि राहताही येत नाही अशा अवस्थेत माणसाला वर्षानुवर्षे ठेवणे, हे कठोर निर्णयापेक्षा निराळे आहे. 'नाही' म्हणणे ही वागणूक झाली. 'नाही' म्हणण्याचेही न संपविणे ही शिक्षा झाली. त्रिशंकूला स्वर्ग नाकारला गेला याचे कोणाला फारसे वाईट वाटत नाही. तो लोंबकळत राहिला याचे वाटते.

येथे डेन्मार्कच्याच एका विचारवंताची आठवण होते. लोगस्ट्रुप हे आऱ्हूस विद्यापीठात नीतिशास्त्र शिकवीत. त्यापूर्वी ते खेड्यातले धर्मोपदेशक होते, आणि जर्मन अमलाच्या काळात प्रतिकाराच्या चळवळीत होते. १९५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'नैतिक मागणी' या अर्थाच्या त्यांच्या ग्रंथाचा आशय थोडक्यात असा: दोन माणसे एकमेकांपुढे येतात तेव्हा प्रत्येकाच्या जीविताचा काही अंश दुसऱ्याच्या स्वाधीन होतो. तो अंश कधी अगदी लहान असतो, कधी सर्वस्व असते. ही स्वाधीनता आपण मागितलेली नसते, तरी तिच्यातून कर्तव्य उत्पन्न होते. आणि ते कर्तव्य कोणी आदेश देऊन उत्पन्न करीत नाही, म्हणून कोणी आदेश देऊन ते रद्दही करू शकत नाही. हा विचार करणाऱ्याने सरकारी कचेरी डोळ्यांपुढे ठेवली होती की नाही हे महत्त्वाचे नाही. पण अर्जदार आणि अधिकारी यांच्या संबंधाचे इतके नेमके वर्णन दुसरे क्वचित सापडेल. टेबलावरची फाइल म्हणजे स्वाधीन झालेला असाच एक अंश. धोरण मंत्री ठरवितात, कायदा संसद करते. पण धोरण प्रथम ज्या ठिकाणी एका माणसाला जाऊन भिडते ते ठिकाण म्हणजे अधिकाऱ्याचे टेबल. त्याच्या अलीकडे सर्व आकडे असतात, पलीकडे माणसे.

अधिकाऱ्याने यात काय करावे? प्रत्येकाने रामशास्त्री व्हावे असे म्हणणे सोपे आहे. परंतु ज्या राज्यात साधा न्याय मिळण्यासाठीही रामशास्त्री लागतो ते राज्य सुस्थितीत आहे असे म्हणता येणार नाही. सामान्य धैर्याच्या, संसारी, बदलीला भिणाऱ्या माणसालाही नीट वागता येईल अशी व्यवस्था असावी लागते. डेन्मार्कने २०१५ मध्ये आपल्या अधिकाऱ्यांसाठी सात कर्तव्यांची एक संहिता घालून दिली. आदेश बेकायदेशीर वाटला तर वरिष्ठांना तसे सांगावे, आणि तो उघडउघड बेकायदेशीर असेल तर पाळू नये, हे तिने स्पष्ट केले. पुढच्याच वर्षी ते प्रसिद्धिपत्रक निघाले आणि तेवीस जोडपी वेगळी झाली. संहितेने सर्व काही साधत नाही, असा याचा अर्थ. पण पाच वर्षांनी न्यायालयासमोर जे सत्य उभे राहिले ते अधिकाऱ्यांनी वेळीच लिहून ठेवलेल्या टिपणांमुळे उभे राहू शकले, हाही अर्थ आहे. 'अपवादाला जागा असावी' एवढे चार शब्द ज्याने लिहिले त्याने त्या दिवशी कोणाला वाचविले नसेल. तरी त्याने स्वाधीन झालेला अंश खाली पडू दिला नाही.

बिभीषण समुद्र ओलांडून आला तेव्हा त्याला ठेवून घ्यावे की नाही यावर रामाच्या तळावर वाद झाला, असे वाल्मीकी सांगतात. सुग्रीवाला तो हेर वाटला, अंगदाने परीक्षा घ्या म्हटले, जांबवंताने संशय घेतला, हनुमंताने अनुकूल मत दिले. शरणागताला अव्हेरणार नाही हे रामाचे व्रत प्रसिद्धच आहे. पण त्या व्रताचा उच्चार सर्वांचे ऐकून घेतल्यावर झाला, हे आपण विसरतो. सुग्रीवाची शंका अनाठायी नव्हती. युद्ध तोंडावर होते. त्या शंकेला तेथे पुरेपूर जागा मिळाली. मिळाली नाही ती फक्त एका गोष्टीला: 'तो राक्षसांपैकी आहे, विषय संपला' या वाक्याने विषय खरोखर संपविण्याला. साठ लाखांच्या देशाने किती बिभीषणांना ठेवून घ्यावे हे त्या देशाने ठरवावे. त्याच्या सुग्रीवांची शंकाही त्याने ऐकावी. किनाऱ्यावर उभा असलेल्या एकाचे म्हणणे ऐकण्याइतका वेळ मात्र त्याच्या कचेरीत असला पाहिजे. तो वेळ देण्यासाठी कोणाच्याही देहाचे मांस कापावे लागत नाही.